ब्युगाटी ‘टाइप ३५’ गाडीचा पोलादी आंस व ॲल्युमिनियमचीं चाकें

जुन्या वस्तूची अस्सलता ठरवितांना संशोधकाचें लक्ष प्रथम लेखाकडे, शिक्क्याकडे व हस्ताक्षराकडे जातें. ज्या द्रव्याची ती वस्तु बनलेली असते त्याकडे तें पुष्कळ वेळां मागाहून वळतें. कागदाच्या बाबतींत ही उणीव आतां बरीचशी भरून निघाली आहे. कागदाची जात, त्यांतील जलचिन्ह व शाईचें रसायन यांचा विचार केल्यावांचून एखादें संशयास्पद पत्र अस्सल म्हणून छापण्याचें धाडस सहसा कोणी करीत नाहीं. यंत्रांच्या बाबतींत मात्र अजूनहि क्रमांक, पितळी पाटी व मालकांची वंशावळ यांवरच बहुतेक भिस्त ठेवण्यांत येते. ज्या धातूवर तो क्रमांक ठोकलेला असतो तो धातु स्वतःच एक साक्षीदार आहे, व सर्व धातु सारखी साक्ष देत नाहींत, ही गोष्ट एका प्रसिद्ध उदाहरणावरून दाखवावी असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

उदाहरण घेतलें आहे तें फ्रान्समधील मोल्सहाइम येथें एत्तोरे ब्युगाटी याच्या कारखान्यांत बनलेल्या ‘टाइप ३५’ या शर्यतीच्या गाडीचें. ही निवड करण्यास दोन कारणें आहेत. एक तर, या गाडीचे जुने नमुने, त्यांचे भाग व त्यांच्या नकला यांचा जेवढा कसून अभ्यास झाला आहे तेवढा फार थोड्या गाड्यांचा झाला असेल. दुसरें असें कीं, या एकाच गाडींत जमिनीचे हिसके सोसणाऱ्या भागांपैकीं आंस पोलादाचा व चाकें ॲल्युमिनियमचीं आहेत. त्यामुळें दोन धातूंची तुलना करण्यास दोन निरनिराळ्या गाड्या समोर ठेवाव्या लागत नाहींत. वय, वापर व कारखाना हीं एकच राहून फक्त धातु बदलतो.

प्रथम गाडीची थोडी माहिती देतों. इंग्लंडांतील व्हिंटेज स्पोर्ट्‌स-कार क्लब या सन १९३४ सालीं स्थापन झालेल्या मंडळानें १९३० अखेरपर्यंत बनलेल्या गाडीस ‘व्हिंटेज’ ही संज्ञा लाविली, व तीच पुढें रूढ झाली. टाइप ३५ ही या व्याख्येंत पूर्णपणें बसते. तिचें एंजिन आठ सिलिंडरांचें, १९९१ घनसेंटिमीटरांचें. ती प्रथम लोकांपुढें आली ती ता. ३ ऑगस्ट १९२४ रोजीं, लियों शहराजवळच्या ग्रां प्री शर्यतींत. २३ किलोमीटरांहून थोडी अधिक लांबीच्या त्या मार्गास ३५ फेरे, म्हणजे एकूण ८१० किलोमीटर धांवावयाचें होतें. शर्यत जिंकली ती आल्फा रोमिओ गाडींतून ज्युसेप्पे कांपारी यानें. ब्युगाटीच्या नव्या गाड्यांची टायरांनीं पार दुर्दशा केली. धांवतां धांवतां त्यांचे वरचे थर सुटून गेले. टायरांचें रबर नीट भाजलें गेलें नव्हतें असें त्याचें कारण सांगतात. ब्युगाटीच्या गाड्यांपैकीं सर्वांत वरचा क्रमांक सातवा लागला. या अपयशानंतर कोणी नवीं चाकें टाकून दिलीं असतीं तर नवल नव्हतें. परंतु ब्युगाटीनें तीं ठेविलीं, आणि १९२५ पासून १९२९ पर्यंत सिसिली बेटांतील तार्गा फ्लोरिओ ही खडकाळ डोंगरी रस्त्यांवरची शर्यत ओळीनें पांच वर्षें त्याच्याच गाड्यांनीं जिंकली.

आतां ते दोन भाग पाहूं. पुढचा आंस पोलादाचा, मध्यें जाड व दोन्ही टोंकांकडे निमुळता होत गेलेला, आणि मधल्या भागांत पोकळ आहे. त्यास दोन ठिकाणीं चौकोनी घरें पाडून त्यांतून कमानींचे पाटे आरपार नेले आहेत. इतर गाड्यांत पाटे आंसावर ठेवून कड्यांनीं आवळीत, तशी ही रचना नाहीं. गजास भोंक पाडून पोकळ करावयाचें, मग टोंकें तापवून व ठोकून तीं भरीव करावयाचीं, असें त्याच्या घडणीचें वर्णन आढळतें. हें काम किती कसबाचें असलें पाहिजे हें लोहारकामाची थोडीबहुत ओळख असलेल्या वाचकांस सांगावयास नको. वरून आंस आरशासारखा उजळलेला असतो. त्यांत हौसेचा भाग आहेच, पण पुढें दिसून येईल कीं त्यांत उपयोगहि आहे.

चाक ओतीव ॲल्युमिनियमचें. त्यास तुंब्यापासून कडेपर्यंत आठ रुंद चपटे आरे, आणि ब्रेकचा ड्रम चाकाबरोबर एकाच ओतकामांत काढलेला. ड्रमाच्या आंत, जेथें ब्रेकचे जोड घांसतात तेथें, लोखंडी जातीचें अस्तर ठोकून बसविलेलें असे. कारण नुसतें ॲल्युमिनियम त्या घर्षणास टिकत नाहीं. टायर धरणारी बाहेरची कडी सुटी असून ती स्क्रूंनीं आवळलेली असे. या रचनेचा एक फायदा असा कीं, चाक काढलें कीं ड्रमहि त्याबरोबर निघून येई आणि ब्रेकचे जोड उघडे पडत. शर्यतीच्या मध्यें टायर बदलण्यास थांबलेल्या कामगारास ब्रेकची अवस्था एका दृष्टिक्षेपांत दिसे. दुसरा फायदा उष्णतेचा. ॲल्युमिनियम हें पोलादापेक्षां कित्येक पटींनीं चांगलें उष्णतावाहक असल्यामुळें ड्रमांत उत्पन्न झालेली उष्णता आऱ्यांतून बाहेर पसरे. परंतु याच गुणाच्या पोटीं एक दोषहि आहे. तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या सुमारें दुप्पट फुगतें. म्हणून फार तापलेल्या चाकांत आंतलें अस्तर सैल होऊं पाहतें. जुन्या चाकाची परीक्षा करणारा प्रथम अस्तराच्या कडेकडे पाहतो तो यासाठींच.

एकाच कारागिरानें आंसासाठीं एक धातु व चाकासाठीं दुसरा कां निवडला? वरवर पाहणारा म्हणेल कीं ॲल्युमिनियम हलकें, म्हणून जेथें जेथें शक्य तेथें तें वापरलें. हें उत्तर अपुरें आहे. पोलादाचें विशिष्ट गुरुत्व सुमारें ७.८५ व ॲल्युमिनियमचें २.७, म्हणजे वजन एक तृतीयांशाच्या जवळपास. पण भाराखालीं न वांकण्याचा गुण, ज्यास आपण ताठपणा म्हणूं, तोहि ॲल्युमिनियमांत पोलादाच्या एक तृतीयांशच आहे. पोलादी आंसाच्या आकाराचाच ॲल्युमिनियमचा आंस केला तर तो एक तृतीयांश वजनाचा होईल व तिप्पट वांकेल. नफा कांहींच नाहीं. नफा होतो तो जागा मोकळी असल्यास. सारख्याच वजनाचा व सारख्याच लांबीचा ॲल्युमिनियमचा भरीव गज पोलादी गजापेक्षां सुमारें पावणेदोनपट जाड होतो, आणि जाडी वाढली कीं ताठपणा फार झपाट्यानें वाढतो. हिशेब केल्यास हा जाड गज सुमारें पावणेतीनपट ताठ ठरतो. म्हणून जेथें रुंद, फुगीर, पसरट आकार देण्यास वाव आहे तेथें ॲल्युमिनियम सरस, आणि जेथें जागा नेमकी बांधलेली आहे तेथें पोलाद सरस. चाकाच्या आऱ्यांस पसरावयास भरपूर जागा होती. आंसाच्या पोटांतून कमानी जावयाच्या होत्या, त्याच्या टोंकांस वळणाचे खिळे बसावयाचे होते, आणि ब्रेक लागतांच त्याला पीळ बसावयाचा होता. तेथें जाडी वाढविण्यास अवकाशच नव्हता.

मग आंसाचें वजन कमी करावयाचें कसें? पोकळ करून. वांकविलेल्या गजांत ताण सर्वांत अधिक असतो तो पृष्ठभागीं. मधला गाभा फारसें काम करीत नाहीं. बाहेरच्या व्यासाच्या निम्म्या व्यासाचें भोंक गाभ्यांतून पाडलें तर वजन शेंकडा २५ नें घटतें, पण वांकविणारा भार पेलण्याची शक्ति शेंकडा सव्वासहाच घटते. पाव वजन टाकून सोळावा हिस्सा शक्ति द्यावयाची, हा सौदा कोणताहि शहाणा कारागीर करील. तात्त्विक दृष्ट्या पाहतां ब्युगाटीनें दोन्ही ठिकाणीं एकच गोष्ट केली आहे. द्रव्य मध्यापासून दूर, बाहेर नेऊन ठेविलें आहे. चाकांत तें हलकी धातु पसरून केलें, आंसांत जड धातु कोरून केलें.

हें सर्व वजन वांचविण्याचा एवढा हव्यास कशासाठीं, असेंहि कोणी विचारील. कमानींच्या वर असलेला गाडीचा भार कमानींवर तोललेला असतो. आंस, चाक, ड्रम व टायर हे कमानींच्या खालीं राहतात व रस्त्यावरील प्रत्येक दगडाबरोबर उसळतात. हा खालचा भार जेवढा जड तेवढा त्याला परत जमिनीवर येण्यास वेळ लागतो, आणि चाक जमिनीवर नसेल तेवढा वेळ तें ना वळूं शकतें ना थांबवूं शकतें. बैलगाडीवाल्याला या गोष्टीची फिकीर करण्याचें कारण नसतें. सिसिलीच्या घाटांत ताशीं शंभर किलोमीटरांनीं उतरणाऱ्यास ती करावी लागते. शिवाय चाक फिरतें. त्याच्या कडेवरील एक शेर वजन गाडीला वेग देतांना दोन शेरांच्या भारंभार पडतें, कारण त्याला पुढेंहि न्यावें लागतें व फिरवावेंहि लागतें.

येथपर्यंत दोन्ही धातु आपापल्या जागीं शोभून दिसतात. संग्राहकाची खरी अडचण पुढें सुरू होते, ती वयाबरोबर.

ता. ८ मे १८४२ रोजीं व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या आगगाडीच्या एंजिनाचा आंस म्यूदों येथें मोडला, डबे एकमेकांवर चढून पेटले, आणि पन्नासाहून अधिक माणसें मेलीं. दक्षिण ध्रुवाकडील समुद्रांचा प्रसिद्ध शोधक द्युमों द्युर्व्हिल हा त्यांपैकीं एक होता. आंस रोजच्याच भाराखालीं होता; त्या दिवशीं त्यावर कांहीं नवा बोजा पडला नव्हता. अशा अपघातांवरून युरोपांतील विद्वानांच्या ध्यानांत आलें कीं, जो भार धातु एकदां सहज उचलते तोच भार लक्षावधि वेळां उलटसुलट पडला तर ती मोडते. यास धातूचा थकवा म्हणतात. त्या काळीं अशी समजूत होती कीं, हेलकाव्यांनीं लोखंडाचे आंतून स्फटिक बनतात व तें ठिसूळ होतें. मोडलेल्या तोंडावर चकचकीत कण दिसत, त्यावरून ही कल्पना निघाली. ती चुकीची आहे. धातु आरंभापासूनच स्फटिकमय असते, व थकव्यानें घडतें तें एवढेंच कीं पृष्ठभागावर एक सूक्ष्म चीर पडून ती फेऱ्याफेऱ्यानें आंत सरकते. तरी जुन्या कारखान्यांतून ‘धातु स्फटिक झाली’ हें वाक्य अद्याप ऐकूं येतें. बखरींतील कांहीं आख्यायिका जशा खोट्या ठरल्यावरहि मरत नाहींत, तसेंच हें आहे.

थकव्याचे पद्धतशीर प्रयोग प्रशियन रेल्वेंतील एंजिनियर आउगुस्ट व्योलर यानें केले व सन १८७० पर्यंत त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. (योगायोग असा कीं, सन १८२७ मध्यें ॲल्युमिनियम धातु सुटी करणारा जर्मन रसायनशास्त्रज्ञहि व्योलरच, पण तो फ्रीडरिख व्योलर. या दोघांची गल्लत पुस्तकांतून कधीं कधीं झालेली दिसते.) आउगुस्ट व्योलरच्या प्रयोगांपासून जी गोष्ट निघाली ती आपल्या विषयाचा कणा आहे. पोलादावर एका ठराविक मर्यादेच्या आंतील भार कितीहि वेळां पडला तरी तें मोडत नाहीं. दहा लक्ष ते एक कोटि हेलकावे ज्या नमुन्यानें सोसले तो त्या भाराखालीं पुढें बहुधा टिकतोच. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंस अशी निश्चित मर्यादा नाहीं. भार कमी केला तर आयुष्य वाढतें. पण तें संपावयाचें तें संपतेंच.

चाकाच्या भाषेंत याचा अर्थ काय तो पहा. टायरासह चाकाचा व्यास सुमारें ७० सेंटिमीटर धरल्यास लियोंच्या ८१० किलोमीटरांत एक चाक साडेतीन लक्षांहून अधिक फेरे फिरतें, आणि प्रत्येक फेऱ्यांत प्रत्येक आऱ्यावर एक हेलकावा पुरा होतो. अशा सत्तावीस-अठ्ठावीस शर्यतींत एक कोटि हेलकावे भरतात. १९२५ सालीं ओतलेलें चाक, मध्यें कोठें कोठें भटकून, आज धांवेवर येतें तेव्हां त्याच्या पोटांत किती फेरे जमा आहेत याचा हिशेब कोणाकडेहि नसतो. त्यांत ओतकामाचा दोष असा कीं, धातु थिजतांना तींत सूक्ष्म पोकळ्या राहतात, व चीर सुरू होण्यास त्या आयत्याच सांपडतात. आरा जेथें तुंब्यास वा ड्रमास मिळतो तें कोंपऱ्याचें वळण हें तिचें आवडतें ठिकाण.

पोलादी आंस अमर आहे असें मात्र कोणी समजूं नये. वरील मर्यादा स्वच्छ, गुळगुळीत व कोरड्या पोलादाची आहे. गंजलेल्या पोलादाची ती मर्यादा नाहींशी होते; ओरखडा, खांच, ठोकलेला अंक, मागाहून केलेलें वेल्डिंग यांनीं ती घटते. आंस आरशासारखा उजळण्यांत उपयोग आहे असें वर म्हटलें तें याच अर्थानें. गुळगुळीत पृष्ठभागावर चिरेस पाय रोवण्यास जागा मिळत नाहीं, आणि पडलीच तर दिसते. पोलाद पाण्यापुढें कसें हार खातें याचा एक मासला ब्युगाटीच्याच गाडीनें दिला आहे. १९२५ सालची एक ‘ब्रेशिया’ नमुन्याची गाडी माज्जोरे सरोवरांत बुडविण्यांत आली होती. पुढें वर काढतां यावी म्हणून तिला सांखळी बांधली होती. ती सांखळी गंजून तुटली व गाडी पन्नास मीटरांहून खोल तळाशीं गेली. जुलै १२, २००९ रोजीं ती वर काढण्यांत आली व पुढील वर्षीं पॅरिस येथें लिलांवांत विकली गेली. घेणाऱ्या संग्राहकानें ती दुरुस्त न करतां तशीच मांडून ठेविली. हा निर्णय आमच्या मतें फार योग्य होता. तिच्यांत उरलेल्या धातूनें पाण्याची जी नोंद केली आहे ती पुसून नवी गाडी उभी करणें म्हणजे वाळवी लागलेली पोथी जाळून तिची स्वच्छ प्रत ठेवण्यासारखें झालें असतें.

आतां अस्सलतेच्या प्रश्नाकडे वळूं. ब्युगाटीच्या कारखान्यांत एंजिन, गिअरपेटी, मागचा आंस, पुढचा आंस इत्यादि मोठ्या भागांवर अंक ठोकीत. हे अंक परस्परांशीं जुळले तर ती गाडी त्या त्या भागांसह कारखान्यांतून निघाली असें मानण्यास बळकट आधार मिळतो. पुढचा आंस या पुराव्यांत महत्त्वाचा आहे, कारण तो टिकतो, सहसा बदलावा लागत नाहीं, आणि त्याची नक्कल करणें अवघड आहे. उलट चाक हें मुळांतच बदलावयाचें अंग. प्रत्येक शर्यतींत जादा चाकें बरोबर नेत. एका गाडीचीं दुसरीस चढवीत. याच सांगाड्यावर बांधलेली पण चार सिलिंडरांची ‘टाइप ३७’ ही स्वस्त गाडी तारांच्या आऱ्यांच्या चाकांवर विकली जाई, आणि तिच्या मालकांपैकीं कित्येकांनीं मागाहून तीस ॲल्युमिनियमचीं चाकें बसविलीं. १९३१ सालच्या ‘टाइप ५१’ या गाडीच्या चाकांस सुटी कडी नाहीं, कड चाकाबरोबरच ओतलेली आहे. तीं चाकें आज आधींच्या गाड्यांवरहि दिसतात. तेव्हां गाडीवरील चाक जुनें आहे एवढ्यावरून गाडी जुनी ठरत नाहीं, व चाक नवें आहे एवढ्यावरून गाडी बनावट ठरत नाहीं. लिलांवाच्या याद्यांतून ‘मूळ चाकांसह’ हे शब्द मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. त्यांस जेवढा मान मिळतो तेवढा मिळण्याचें कारण दिसत नाहीं.

नकलांची संख्याहि लहान नाहीं. अर्जेंटिनांतील पाराना या शहरीं टाइप ३५ ही संपूर्ण गाडी, आंसापासून चाकांपर्यंत, नव्यानें घडविली जाते, आणि हें काम उघडपणें नक्कल म्हणूनच चालतें. त्यांत दोष कांहीं नाहीं. दोष येतो तो दोन पिढ्यांनंतर, जेव्हां नकलेवर धूळ बसते व विकणारा तिची कुळकथा विसरतो. अशा वेळीं धातूची परीक्षा उपयोगी पडते. क्ष-किरणांच्या साहाय्यानें, कणभरहि न खरवडतां, पोलादांत व ॲल्युमिनियमांत कोणकोणतीं द्रव्यें मिसळलीं आहेत हें आज सांगतां येतें. आजचे ओतारी चाकांसाठीं बहुधा सिलिकन व थोडें मॅग्नेशियम असलेला, उष्णोपचारानें बळकट केलेला मिश्रधातु वापरतात. १९२० नंतरच्या दशकांतील ओतकामाशीं तो ताडून पाहतां येतो. क्ष-किरणांचें छायाचित्र घेतल्यास आंसाची पोकळी किती व कशी आहे हेंहि दिसतें. कागद उजेडापुढें धरून जलचिन्ह पाहण्याचाच हा प्रकार. आणि ज्यांशीं ताडून पहावयाचें तीं कारखान्याचीं मूळ रेखाचित्रें इंग्लंडांत प्रेस्कट येथील ब्युगाटी ट्रस्टच्या संग्रहांत पुष्कळ आहेत. ह्यू कॉन्वे या एंजिनियरनें या गाड्यांचा इतिहास लिहितांना आख्यायिकांपेक्षां अशा कागदांस व प्रत्यक्ष भागांस प्रमाण मानलें, म्हणूनच त्याच्या ग्रंथांचा आधार पुढील अभ्यासक घेत आले.

परंतु किती भाग बदलले म्हणजे गाडी ती राहत नाहीं? हा प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयापुढें एकदां रीतसर आला होता. ‘ओल्ड नंबर वन’ या नांवानें प्रसिद्ध असलेल्या बेंटले गाडीनें १९२९ व १९३० या दोन्ही सालीं ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढें तिचे भाग वारंवार बदलले. १९३२ सालीं ब्रूकलंड्स येथें तिला प्राणघातक अपघात झाला, त्या वेळीं तिच्यांत एंजिनहि निराळें होतें. एक कोटि पौंडांस ती विकण्याचा करार झाल्यावर घेणाऱ्यानें ती अस्सल नाहीं म्हणून नकार दिला. सन १९९० मध्यें न्यायमूर्ति ऑटन यांनीं विकणाऱ्याच्या बाजूनें निकाल दिला. १९२९ सालच्या गाडीचें द्रव्य जवळजवळ उरलें नव्हतें हें त्यांनीं मान्य केलें. पण गाडीचें अस्तित्व कोठेंहि खंडित झालें नाहीं, एका रूपांतून दुसरें रूप अखंडपणें निघत गेलें, यास त्यांनीं महत्त्व दिलें. कायद्याच्या दृष्टीनें निकाल रास्त असेल. संशोधकाच्या दृष्टीनें त्यांतून एवढेंच निघतें कीं, नांव एक राहूं शकतें व साक्ष नाहींशी होऊं शकते. तीच गाडी समोर उभी असतां १९२९ सालचा आंस कसा होता हें ती सांगूं शकत नसेल, तर तेवढ्यापुरती ती साधन म्हणून निरुपयोगी आहे.

यावरून ॲल्युमिनियमच्या चाकासंबंधीं कांहीं व्यवहार ठरतो. जुनें चाक गाडीवर ठेवून ती धांवडविणारा मालक स्वतःचा व इतरांचा जीव धोक्यांत घालतो, व चाक मोडलें तर पुरावाहि मोडतो. म्हणून आज धांवणाऱ्या पुष्कळ गाड्यांवर नव्यानें ओतलेलीं चाकें असतात, आणि तें योग्यच आहे. आंतरराष्ट्रीय मोटार-शर्यत संघाचे जुन्या गाड्यांविषयींचे नियम, ज्यांस ‘परिशिष्ट के’ म्हणतात, त्यांचा रोख गाडीची रचना तिच्या काळास धरून असावी यावर आहे. भाग त्याच दिवशीं बनलेला असावा असा त्यांचा हट्ट नाहीं. नवें चाक जुन्या मापाचें व जुन्या जातीच्या धातूचें असलें म्हणजे झालें. चाक हलकें व स्वस्त व्हावें म्हणून त्याची रचनाच बदलणें, किंवा भय नको म्हणून आंस भरीव करणें, हे मात्र पाठांत क्षेपक घुसडण्याचे प्रकार होत. गाडी मग १९२४ सालीं कशी वळत होती हेंच ती खोटें सांगूं लागते. भरीव आंसानें कमानींखालील भार वाढतो, व पुढचीं चाकें ब्युगाटीनें योजिल्याप्रमाणें जमिनीस चिकटून राहत नाहींत.

पोलादी आंस वापरांत ठेवण्यास हरकत नाहीं, पण वरचेवर तपासून. त्यास चुंबकत्व देऊन वर लोखंडाची बारीक पूड टाकली असतां चीर असेल तेथें पूड गोळा होते. ॲल्युमिनियमला चुंबक लागू पडत नाहीं. तेथें रंगीत पातळ द्रव लावून, पुसून, वर पांढरी भुकटी टाकतात, म्हणजे चिरेंत शिरलेला रंग वर उमटतो. दोन्ही परीक्षा पृष्ठभागाच्या आहेत. चाकाच्या पोटांतील पोकळ्या त्यांस दिसत नाहींत, आणि म्हणून परीक्षेंत उतरलेलें जुनें चाक सुरक्षित आहे असें लिहून देण्यास जाणते कारागीर कांकूं करतात.

राहिला प्रश्न काढून ठेवलेल्या चाकांचा. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें २०१३ मध्यें संमत केलेल्या तुरिन सनदेंत असें तत्त्व घातलें आहे कीं, दुरुस्तींत बदललेल्या भागांवर कायमची पण डोळ्यांत न भरणारी खूण असावी. नव्या चाकावर अशी खूण करणें सोपें आहे, व चांगले ओतारी ती आपण होऊनच करतात. जुन्या चाकाकडे मात्र कोणी पाहत नाहीं. नवीं चाकें आलीं कीं जुनीं भंगारांत जातात, भिंतीवर टांगलीं जातात, किंवा मेज करण्यासाठीं त्यांवर कांच ठेवली जाते. वास्तविक अभ्यासाला त्यांचीच गरज अधिक. आरे कोठें चिरले, अस्तर किती सैल झालें, कडीचे स्क्रू किती वेळां बदलले, हें त्या गाडीच्या आयुष्याचें दप्तर त्यांतच आहे. चाक गाडीवरून उतरवितांना तें कोणत्या क्रमांकाच्या गाडीचें, कोणत्या बाजूचें, कोणत्या दिवशीं काढलें व चीर कोठें आढळली एवढीं चार वाक्यें लिहून तें टिपण चाकाबरोबर व एक प्रत गाडीच्या कागदांबरोबर ठेवण्यास अर्धी घटकाहि लागत नाहीं. टिपण नसलेलें जुनें चाक बाजारांत गेलें म्हणजे तें चारचौघांच्या हातून फिरून कोणत्याहि नव्या गाडीस अस्सलतेचा पुरावा म्हणून चढवितां येतें; आणि तशीं चढविलेलीं चाकें आज किती गाड्यांवर आहेत हें आंसांवरील अंक व चाकांची धातु ताडून पाहिल्यावांचून सांगतां यावयाचें नाहीं.